चांदणीच्या आकाराचं पॉलिस्टायरिन: दाणा तोच, वागणं वेगळं

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या दाण्याच्या व्यापाऱ्याच्या गोडाऊनवर थोडा वेळ उभं राहिलं तरी एचडी, एलडी आणि एलएल ही पॉलिथिलीनच्या प्रकारांची तीन नावं कानावर पडतात. पाण्याचा पाइप एचडीचा, मऊ पिशवी एलडीची, ठिबकच्या नळीत एलएल. तिघांचे भाव वेगळे, मशीनची सेटिंग वेगळी, आणि एकाच्या जागी दुसरा दाणा हॉपरमध्ये पडला तर ऑपरेटरला लगेच कळतं. तरी तिन्ही बनतात मुख्यतः एकाच वायूपासून, इथिलीनपासून. एचडीची साखळी जवळजवळ सरळ असते. एलडीच्या साखळीला लांब-आखूड फांद्या जिथे-तिथे फुटलेल्या असतात. एलएललाही फांद्या असतात, पण सगळ्या आखूड. रेणूची ठेवण बदलली की माल बदलतो, ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला हाताने माहीत आहे. पुस्तकातून तिची ओळख झालेली नसते, एवढंच.

इथिलीनच्या फांद्या मात्र बऱ्याचशा आपोआप फुटतात. रसायनशास्त्रज्ञाला फांदी कुठे फुटावी, किती लांब असावी आणि एका गाभ्यापासून किती फांद्या निघाव्यात हे स्वतः ठरवायचं असेल, तर त्याचा आवडता माल म्हणजे पॉलिस्टायरिन. एका गाभ्यातून तीन, चार, सहा, कधी वीसहून जास्त साखळ्या बाहेर निघालेल्या, अशा रेणूला स्टार पॉलिमर म्हणतात. आपण चांदणी म्हणू. साखळ्यांना हात म्हणू.

आधी साध्या पॉलिस्टायरिनबद्दल थोडक्यात. १८३९ साली बर्लिनचा औषधविक्रेता एडुआर्ड सिमोन याने एका झाडाच्या राळेतून तेलासारखं द्रव काढलं, आणि ते ठेवल्या-ठेवल्या घट्ट झालं. ते नक्की काय झालं हे कळायला पुढची ऐंशीएक वर्षं गेली. छोटे रेणू एकमेकांना जोडून लांबच लांब साखळी होते, हे १९२० मध्ये हेर्मान श्टाउडिंगरने मांडलं. तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नव्हतं. नोबेल मिळालं १९५३ मध्ये. थर्माकोल म्हणजे हेच पॉलिस्टायरिन, वायूने फुगवलेलं. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत थर्माकोलची ताटं-वाट्या गेल्या, २०२२ पासून देशभरात सजावटीचा थर्माकोलही गेला, म्हणून पॉलिस्टायरिन संपलं असं कुणी समजू नये. फ्रिजच्या आतली पांढरी भिंत, पारदर्शक डबे, रस्त्याच्या डांबरात मिसळायचं रबर, या सगळ्यात स्टायरिन आहे.

कारखान्यातलं नेहमीचं पॉलिस्टायरिन मुक्तमूलक पद्धतीने बनतं, म्हणजे वाढत्या साखळीच्या टोकाला एकटा इलेक्ट्रॉन असतो. त्यात साखळ्या कधीही सुरू होतात आणि दुसऱ्या साखळीशी टक्कर झाली की मरतात. कुणी लांब, कुणी आखूड. थर्माकोलला तेवढं पुरतं. चांदणी बनवायची तर सगळे हात सारख्या लांबीचे हवेत, आणि प्रत्येक हाताचं टोक जोडणी होईपर्यंत जिवंत हवं.

हे जिवंत टोक १९५६ मध्ये मायकेल श्वार्झने दाखवून दिलं. त्याच्या पद्धतीत साखळीच्या टोकाला ऋणभार असतो. दोन ऋणभारित टोकं एकमेकांना मारू शकत नाहीत, त्यामुळे भांड्यातलं स्टायरिन संपलं तरी साखळ्या तशाच थांबून राहतात. पुन्हा स्टायरिन टाकलं की पुन्हा वाढतात. दुसरा मोनोमर, म्हणजे साखळी ज्याची बनते तो छोटा रेणू, टाकला तर पुढचा तुकडा त्याचा.

प्रयोगशाळेत हे बघण्यासारखं असतं. स्टायरिन आणि सायक्लोहेक्झेन, दोन्ही पाण्यासारखी रंगहीन. त्यात ब्युटिल लिथियमचं मोजलेलं द्रावण सोडलं की थोड्या वेळात सगळ्या भांड्याला नारिंगी-लाल रंग चढतो. तो रंग जिवंत टोकांचा. पण बुच नीट बसलं नसेल, काच पुरती वाळवलेली नसेल, तर हवेतला ओलावा आत शिरतो आणि रंग फिका पडत पडत नाहीसा होतो. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडही तेच करतात. म्हणून ही कामं निर्वात काचसामानात किंवा कोरड्या नायट्रोजन-आर्गॉनखाली चालतात. सगळं झाल्यावर आपणच मिथेनॉलचा थेंब टाकतो, रंग क्षणात जातो, आणि द्रावण भरपूर मिथेनॉलमध्ये ओतलं की पांढरं पॉलिस्टायरिन खाली बसतं.

लांबीचा हिशोब शाळेच्या त्रैराशिकासारखा आहे. ब्युटिल लिथियमचा एक रेणू एक साखळी सुरू करतो. स्टायरिनचं रेणूभार १०४. १०४ ग्रॅम स्टायरिन घेतलं, म्हणजे १ मोल. त्याला ०.०१ मोल ब्युटिल लिथियम दिलं, तर प्रत्येक साखळीच्या वाट्याला १०० स्टायरिन येतात आणि साखळीचं वजन साधारण १०,४०० होतं. ही अचूकता नेहमीच्या मुक्तमूलक पद्धतीत स्वप्नातही नाही.

आता या हातांची चांदणी करायची. सर्वांत सरळ वाट म्हणजे हात आधी, गाभा नंतर. हात तयार असताना सिलिकॉन टेट्राक्लोराइड टाकायचं. त्या रेणूत सिलिकॉनला चार क्लोरीन असतात. एकेक क्लोरीन निघून त्या जागी एकेक हात बसतो. मॉरिस मॉर्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास याच वाटेने तीन आणि चार हातांचं पॉलिस्टायरिन केलं. चांदणीची कल्पना त्याआधीची, १९४८ ची, शेफगेन आणि पॉल फ्लोरी यांची. ती मात्र नायलॉनच्या जातीच्या पॉलिमरवर होती.

कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात तीन हात बसले की चौथ्याला जागा मिळत नाही. स्टायरिनच्या प्रत्येक एककावर बेंझिनचं जाडजूड कडं असतं, सिलिकॉनभोवती तीन कडी दाटीने बसलेली असतात, आणि चौथं टोक तिथपर्यंत पोचायला फार वेळ लागतो. यावर दोन उपाय. एक, हात गरजेपेक्षा थोडे जास्त घ्यायचे आणि भरपूर वेळ द्यायचा. दुसरा जास्त हुशारीचा: हाताच्या टोकाला ब्युटाडाईनची, म्हणजे कृत्रिम रबर ज्यापासून बनतं त्या मोनोमरची, दोन-चार एककं लावायची. ती सडपातळ असतात, त्यामुळे शेवटचा हातही बसतो. उरलेले मोकळे हात नंतर वेगळे काढतात. टोल्युईनमधल्या द्रावणात हळूहळू मिथेनॉल सोडायचं. द्रावण गढूळ झालं की आधी खाली बसतात त्या जड चांदण्या, हलके सुटे हात वर राहतात. हे काम धीराचं आहे, घाई केली की दोन्ही एकदम खाली येतात.

दुसरी वाट उलटी: गाभा आधी, हात त्यातून वाढवायचे. इथे १९९५ नंतर मोठा बदल झाला. कॅझिमिएर्झ मॅटियाझेव्स्की यांनी तांब्याच्या, तर जपानमध्ये मित्सुओ सावामोतो यांनी रुथेनियमच्या संयुगाने मुक्तमूलक वाढीला लगाम घातला. तांब्याच्या पद्धतीत साखळीच्या टोकावर ब्रोमीनची टोपी असते. तांबं ती टोपी काढतं, साखळी थोडी वाढते, टोपी परत बसते. बहुतेक वेळ साखळ्या झोपलेल्या असतात, म्हणून एकमेकींना मारण्याची संधी कमी मिळते. या पद्धतीला एटीआरपी म्हणतात. पेंटाएरिथ्रिटॉल, म्हणजे रंगाच्या कारखान्यात अल्किड रेझिनला लागतो तोच पदार्थ, त्याला चार हायड्रॉक्सिल गट असतात. प्रत्येकावर ब्रोमीनवाला गट चढवला की चार हातांचा गाभा तयार. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या कड्याला असे २१ गट असतात, म्हणजे २१ हात. निर्वात काचसामान लागत नाही, साधा नायट्रोजन पुरतो. मात्र दोन चांदण्यांचे हात एकमेकांना चिकटून जोडचांदणी होण्याची भीती राहते, म्हणून सगळं स्टायरिन संपेपर्यंत न थांबता प्रयोग मध्येच तोडतात. आणि शेवटी तांब्याचा निळा-हिरवा रंग अॅल्युमिनाच्या थरातून गाळून काढावा लागतो. कारखान्याला तो खर्च नको असतो.

कारखान्याला आवडते ती तिसरी वाट. जिवंत हात घ्यायचे आणि त्यात थोडं डायव्हिनाइलबेंझिन टाकायचं. त्याला दोन दुहेरी बंध असल्यामुळे टोकं एकमेकांत विणली जातात, मधे छोटी गाठ होते, गाठीतून हात बाहेर. एका चांदणीला बारा, दुसरीला पंधरा असे हात येतात, आकडा सरासरीचाच. पण स्वस्त आहे आणि मोठ्या रिअॅक्टरमध्ये जमतं.

इतका खटाटोप कशासाठी? पहिली गोष्ट आकाराची. सारख्याच वजनाची सरळ साखळी आणि चांदणी घेतली तर चांदणी द्रावणात कमी जागा व्यापते. किती कमी, हे झिम आणि स्टॉकमायर यांनी १९४९ मध्ये काढून ठेवलं. हातांच्या संख्येची तिप्पट करा, त्यातून २ वजा करा, आणि हातांच्या संख्येच्या वर्गाने भागा. चार हातांना १० भागिले १६, म्हणजे ०.६२५. हे त्रिज्येच्या वर्गाचं गुणोत्तर आहे. त्रिज्या येते सरळ साखळीच्या सुमारे ७९ टक्के. घनफळ जवळपास निम्मं. सहा हात असतील तर त्रिज्या दोन-तृतीयांशावर येते. हात फार वाढले की गाभ्याजवळ गर्दी होऊन ते ताणले जातात आणि हे गणित थोडं चुकायला लागतं.

यातून प्रयोगशाळेत एक गंमत होते. पॉलिमरचं वजन मोजायला जीपीसी नावाचं यंत्र वापरतात. बारीक छिद्रांच्या मण्यांनी भरलेल्या नळीतून द्रावण जातं. लहान रेणू छिद्रात शिरत बसतात आणि उशिरा येतात, मोठे लवकर. यंत्र आकार मोजतं, वजन नाही. त्यामुळे १०,४०० च्या चार हातांची, म्हणजे ४१,६०० वजनाची चांदणी त्यावर हलकी दिसते. खरं वजन हवं तर प्रकाश विखुरण्यावरून काढावं लागतं. दोन्ही आकड्यांत तफावत दिसली, तर भांड्यात फांद्या आहेत याचा तोच पुरावा.

दुसरी गोष्ट वितळलेल्या मालाच्या चिकटपणाची, म्हणजे तो वाहायला किती अडतो याची, आणि इथेच माझ्या मते चांदणीची खरी मजा आहे. सरळ साखळ्या पुरेशा लांब झाल्या की एकमेकींत गुंततात. पॉलिस्टायरिनमध्ये हे १७-१८ हजार वजनाच्या आसपासपासून सुरू होतं. गुंतलेली सरळ साखळी सरपटत, आपल्याच वाटेने पुढे निघते. हे पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. तिची लांबी दुप्पट केली तर चिकटपणा सुमारे दहापट होतो. चांदणीला मात्र सरपटताच येत नाही, कारण एका दिशेला निघायचं तर बाकीचे हात आडवे येतात. शेतातल्या गंजीतून ज्वारीचं धांड ओढलं तर सरळ निघतं, कपाशीची फांद्याळ पऱ्हाटी ओढली तर सगळी गंज हलते, तसं. चांदणीला हलायचं तर एकेका हाताने टोकापासून मागे येत गाभ्यापर्यंत आखडायचं आणि नव्या वाटेने पुन्हा पसरायचं. हात जितका लांब, तितकी हे घडण्याची शक्यता कमी, आणि ती घातांकी वेगाने कमी होते. म्हणून चिकटपणा ठरतो तो हाताच्या लांबीवर. हात तीनाचे सहा केले तरी फारसा फरक पडत नाही.

याचा उपयोग दोन्ही बाजूंनी करता येतो. हात आखूड ठेवले तर चांदणी त्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा पातळ वाहते, साचा लवकर भरते. हात लांब ठेवले तर उलट, ती जास्त घट्ट. एमएफआयचा, म्हणजे ठरावीक वजनाखाली वितळलेला माल किती वाहतो याचा, एकच आकडा बघून दाणा विकत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं: दाब वाढल्यावर फांदीचा माल आणि सरळ माल सारखे वागत नाहीत.

काही गोष्टी मात्र आकाराने फारशा बदलत नाहीत, आणि त्याबद्दल उगाच वाढवून लिहिलं जातं. पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास काचेसारख्या कडकपणातून मऊ होतं. हात बऱ्यापैकी लांब असतील तर चांदणीचंही तेवढंच. टोल्युईनमध्ये दोन्ही विरघळतात, मिथेनॉलमध्ये दोन्ही नाहीत. चांदणी केली म्हणून पॉलिस्टायरिनचा ठिसूळपणा जात नाही. तो घालवायला दुसरा मोनोमर लागतो.

म्हणजे सहपॉलिमर, दोन मोनोमर असलेली साखळी. धुळ्याकडच्या डांबर मिसळण्याच्या प्लांटवर लागलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारलं होतं, "सर, दोन्ही पोत्यांवर एसबीएसच लिहेल शे, पण एकवर लिनियर आणि दुसरावर रेडियल. हाऊ काय प्रकार शे?" रेडियल म्हणजे चांदणीच. एसबीएस म्हणजे स्टायरिन, ब्युटाडाईन, स्टायरिन. लिनियरमध्ये मधे रबराचा लांब तुकडा आणि दोन टोकांना पॉलिस्टायरिन. रेडियल करताना आधी स्टायरिनचा तुकडा वाढवतात, मग त्याच जिवंत टोकावर ब्युटाडाईन, आणि शेवटी चार जागांचा जोडरेणू टाकतात. जोडणी ब्युटाडाईनच्या टोकाने होते, त्यामुळे चौथ्या हाताच्या जागेचा मघाचा प्रश्न आपोआप सुटतो. रबर आत राहतं, पॉलिस्टायरिन चारही हातांच्या बाहेरच्या टोकांवर.

क्रम इथे फार महत्त्वाचा. पॉलिस्टायरिन आणि पॉलिब्युटाडाईन एकमेकांत मिसळत नाहीत, पण बंधाने जोडलेले असल्यामुळे लांबही जाऊ शकत नाहीत. मग वेगवेगळ्या चांदण्यांची पॉलिस्टायरिनची टोकं १०-५० नॅनोमीटरच्या बारीक गोळ्यांत जमतात. हे गोळे खोलीच्या तापमानाला कडक, आणि त्यांना जोडणारं रबर मऊ. सगळ्या मालात जाळं तयार होतं, गंधकाने व्हल्कनाइझ न करता. तापवलं की गोळे वितळतात, माल वाहतो. थंड केलं की जाळं परत बसतं. आता हेच दोन घटक, हेच वजन, पण पॉलिस्टायरिन आत आणि रबर बाहेर असा उलटा क्रम लावा. रबराची टोकं मोकळी लोंबतात, कुणाला बांधत नाहीत, आणि हाताला येतो तो लिबलिबीत, ताकद नसलेला माल.

रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते बघा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे हवेचं तापमान ४४-४५ अंशांपर्यंत जातं, आणि उन्हातल्या काळ्या डांबराच्या पृष्ठाचं ६० च्या पुढे. रस्त्याच्या व्हीजी-३० ग्रेडच्या डांबराचा मऊ होण्याचा बिंदू भारतीय मानकानुसार किमान ४७ अंश. मग ऊस आणि केळीच्या भरल्या ट्रकच्या चाकाखाली रस्त्यावर चाकोऱ्या पडल्या तर नवल नाही. डांबरात साधारण ३ ते ५ टक्के एसबीएस घातलं की रबराचा भाग डांबरातली तेलं शोषून फुगतो, आणि इतक्या कमी प्रमाणातही जाळं सगळीकडे पसरतं. त्याच्या गाठी पॉलिस्टायरिनच्या, त्या १०० अंशांच्या आसपासपर्यंत कडक, म्हणून ६५ अंशांना टिकतात. प्लांटवर १६०-१८० अंशांना मात्र सुटतात आणि मिसळणं जमतं. रेडियलची एक चांदणी चार गाठींत अडकलेली असते. एक टोक निसटलं तरी तीन धरून राहतात, म्हणून मऊ होण्याचा बिंदू ती जास्त वर नेते. बदल्यात ती विरघळायला जास्त वेळ आणि चांगली मिल मागते. वेळ वाचवायला गरम टाकीत नुसतं ढवळून सोडून दिलं तर रबर वर तरंगतं, डांबर खाली, आणि दोष पोत्याला दिला जातो.

स्टायरिनचं प्रमाण उलटं केलं, म्हणजे तीन-चतुर्थांश स्टायरिन आणि उरलेलं ब्युटाडाईन, की रबराच्या जागी कडक, न फुटणारं, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक मिळतं. फिलिप्स कंपनीने काढलेलं के-रेझिन आणि बीएएसएफने काढलेलं स्टायरोलक्स ही या घराण्यातली ओळखीची नावं. स्टायरोलक्समध्ये तर चांदणीचे हात मुद्दाम असमान ठेवतात. फ्रिजच्या भिंतीचं पॉलिस्टायरिन रबर घातल्यावर दुधाळ का दिसतं आणि हे पारदर्शक का? तिथे रबराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढे किंवा मोठे असतात, प्रकाश विखुरतो. इथे रबराचे भाग ४०० नॅनोमीटरपेक्षा कितीतरी बारीक असल्यामुळे प्रकाशाला ते दिसतच नाहीत.

इंजिन ऑइलमध्येही चांदण्या असतात. मल्टिग्रेड तेलातले काही चिकटपणा राखणारे पदार्थ म्हणजे आयसोप्रीनच्या चांदण्या, डायव्हिनाइलबेंझिनच्या गाठीवर वाढवलेल्या आणि दुहेरी बंध हायड्रोजनने भरलेल्या. इंजिनात तेल चेंगरलं की सरळ साखळी साधारण मधोमध तुटते आणि वजन एकदम निम्मं होतं. चांदणीचा तुटला तर एखादा हात तुटतो, बाकीची चांदणी कामावर राहते.

औषध वाहून नेण्यासाठी आतून तेलकट, बाहेरून पाणवेडी अशा चांदण्यांवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झालंय. साबणाच्या रेणूंचा पुंजका पाणी वाढलं की विस्कटतो. चांदणीचे हात गाभ्याला बंधाने जोडलेले असल्यामुळे ती विस्कटत नाही. पॉलिस्टायरिन शरीरात विघटित होत नाही, ही अडचण तिथे आहेच, म्हणून तिथे ते मुख्यतः समजून घेण्यापुरतं वापरतात.

पोत्याकडे परत येऊ. रेडियल एसबीएसच्या डेटाशीटवर तीन आकडे बघावेत. स्टायरिनचं प्रमाण, रस्त्याच्या मालात ते ३० टक्क्यांच्या आसपास असतं. एमएफआय, रेडियलमध्ये तो बरेचदा इतका कमी असतो की नेहमीच्या वजनाखाली माल जवळपास वाहतच नाही, आणि ते बिघडल्याचं लक्षण नाही. तिसरा डायब्लॉक, ज्याकडे कुणी पाहत नाही. जोडणी सगळ्या हातांची कधीच होत नाही. जे सुटे राहिले त्यांच्या एका टोकाला पॉलिस्टायरिन, दुसरं मोकळं. तो डायब्लॉक. तो जाळ्यात एकाच गाठीला लोंबकळतो, भार घेत नाही, म्हणून प्रमाण वाढलं की ताकद उतरते. पण त्यानेच माल डांबरात लवकर मिसळतो, आणि चिकटपट्टीचा गोंद बनवणारे तर पट्टी चटकन चिकटावी म्हणून डायब्लॉक जास्त असलेला ग्रेड मागूनच घेतात.